तुटलेला दांडा घेऊन उद्यमनगरात

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन हंगामात, आमच्या गुऱ्हाळावरच्या, ऊस गाळायच्या चरकाचा दांडा तुटला. काहिलीत रस चढला होता, चुलवाण पेटलेलं होतं आणि फडात तोडलेला ऊस पडून होता. ऊस पिळणारी वरची लाट एकदम बाजूला कलली, पट्टा उडाला. कुणाला लागलं नाही, एवढीच देवाची कृपा. ज्या विक्रेत्याकडून तीन वर्षांपूर्वी चरक घेतला होता त्याला फोन केला. त्याचं पहिलंच वाक्य होतं, "तुम्ही एकदम जास्त ऊस घातला असणार." नवा दांडा तीन आठवड्यांत देतो म्हणाला. पाच आठवडे उलटून गेले तरी आला नाही. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन जातं, गोडी जाते आणि त्याचा गूळही धड होत नाही. काही ऊस शेजारच्या गुऱ्हाळावर गाळून घेतला, बाकीचा मिळेल त्या भावानं कारखान्याला घातला.

तेव्हाच ठरवलं की पुढचा चरक घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या दारात जाऊन. आमच्या लातूर भागात गुऱ्हाळवाल्यांना विचारलं, तर दहातले आठ जण एकच नाव घेत, कोल्हापूरचं उद्यमनगर. फेब्रुवारीच्या अखेरीला मी आणि माझे सासरे निघालो. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही. वय ७१. बैलाच्या चरकापासून गुऱ्हाळ केलेला माणूस. निघताना आबांनी दांड्याचा तुटका तुकडा गोणपाटात गुंडाळून पिशवीत घातला. सात-आठ किलोचं ते ओझं कशाला, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "वैद्याकडं जाताना दुखणं घरी ठिवून जात्यात का, बाई?"

पहिला दिवस, सोमवार

पहाटेची एसटी. औसा, मग तुळजापूर. तिथं खिडकीतूनच हात जोडले. सोलापूरला गाडी बदलली. मंगळवेढा, सांगोला हा सगळा माळ. ज्वारीची काढणी चालली होती, मधूनमधून डाळिंबाच्या बागा. मिरज जवळ आली तशी हिरवाई वाढत गेली आणि आबा सावरून बसले. एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेहून रेल्वेनं आमच्या लातूरला पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं ऊस नव्हताच, गुऱ्हाळाचं चुलवाण गारच राहिलं होतं. मिरज स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबली. आबा खाली उतरले, नळावर तोंड धुतलं, दोन घोट पाणी प्याले आणि न बोलता परत येऊन बसले.

अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडली की ऊसच ऊस. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. सांगली फाट्यावरून पंचगंगा ओलांडून कोल्हापुरात शिरलो तेव्हा सहा वाजले होते. अंबाबाईच्या देवळाजवळ एका धर्मशाळेत खोली मिळाली. दर्शन घेतलं, जेवलो, झोपलो. अंग आंबून गेलं होतं.

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळी आबांना कुणीतरी सांगितलं की गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून दूध देतात. मग काय, साडेसहाला तिथं. फेसाळलेला ग्लास हातात घेऊन आबा त्या म्हशींकडंच बघत राहिले. मी मात्र घड्याळ बघत होते. उद्यमनगर आधी डोळ्यांखालून घालायचं होतं.

शिवाजी उद्यमनगर म्हणजे एखादी मोठी वसाहत असेल, मोठी फाटकं असतील, असं माझ्या मनात होतं. प्रत्यक्षात ती गल्ल्यांची वस्ती आहे. दुकानाएवढ्या गाळ्यात दोन लेथ, पलीकडं शेपर, त्याच्या शेजारी गिअर कापणारा, समोर ग्राइंडिंगवाला, कोपऱ्यावर बेअरिंगचं दुकान आणि मधे चहाची टपरी. एका गाळ्यात वस्तू अर्धी होते, तिथून हातगाडीवर, नाहीतर मोटारसायकलला आडवी बांधून दुसऱ्या गाळ्यात जाते. दारात लोखंडाच्या किसाचे निळसर, वेटोळे ढीग. कापताना सोडतात त्या पांढऱ्या पाण्याचा एक विशिष्ट वास सगळ्या गल्लीला. पाट्याही साध्या. ‘स्लॉटिंग’, ‘गिअर कटिंग’, ‘सर्व प्रकारचे जॉबवर्क’. पलीकडं शाहू मिलची चिमणी दिसत राहते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये ही कापडगिरणी काढली. त्याआधी १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ पासून होतीच, म्हणजे माल बाहेर जायला वाटही होती.

मला हे गाव समजलं ते गुळाच्या बाजूनं. ऊस आला म्हणजे पाणी उपसायला इंजिन लागलं, गाळायला घाणा लागला. इंजिन मोडलं की दुरुस्तीला मिस्त्री हवा आणि दुरुस्ती करता करता मिस्त्रीच्या मनात येतं, हे तर आपणही करू. म्हादबा मेस्त्रींनी इथं ऑइल इंजिन घडवलं. त्यांचं आणि वाय. पी. पोवारांचं नाव आजही इथं आदरानं घेतात. पोवारांच्या नावानं शेजारी एक औद्योगिक वसाहतच आहे. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवून घेतला होता. परदेशी वस्तू बघायची, खोलायची आणि तशी, जमलं तर बरी, आपल्या हातानं करायची, हे या गावाच्या रक्तात फार आधीपासून आहे. चहाच्या टपरीवर बसलं तरी ते कळतं. शेजारी बसलेले दोघे पाऊण तास एका बुशच्या, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याच्या, मापावर वाद घालत होते.

पहिलं दुकान मोठ्या रस्त्यावरचं, काचेचं. निळ्या रंगानं चमकणारे तीन घाणे मांडलेले. इथं चरक म्हणत नाहीत, घाणा म्हणतात. लाटेला रोल म्हणतात. विक्रेता बोलायला गोड होता, पाणी दिलं, कागदावर भावही लिहून दिला. मी विचारलं, "लाट कुठं ओतता? दांडा कुठल्या पोलादाचा?" तो म्हणाला, "ते सगळं बेस्ट क्वालिटी असतंय, ताई." दांडा तुटला तर किती दिवसांत मिळेल, असं विचारल्यावर म्हणाला, "तुटायचाच न्हाई." आबांनी तिथंच पिशवी उचलली. तुटणार नाही असं म्हणणाऱ्याकडून घेऊनच तर आम्ही अडकलो होतो.

तिथून दोन गल्ल्या आत एक जुना लेथवाला मिस्त्री भेटला. साठीच्या पुढचा, डोळ्याला जाड चष्मा, खाकी शर्टाच्या खिशात कॅलिपर. आबांनी गोणपाट उलगडून तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं आधी काहीच विचारलं नाही. तुकडा खिडकीजवळ नेला, तुटलेल्या तोंडावर थोडं डिझेल टाकून फडक्यानं पुसलं आणि मला म्हणाला, "हिकडं या ताई, बघा."

मी वाकून बघितलं. पाच आठवडे तो तुकडा घरी पडून होता, पण त्याच्या तोंडाकडं मी असं कधी बघितलंच नव्हतं. गोल तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, जणू घासलेला. त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी, एकापुढं एक. उरलेला भाग पांढरट, खडबडीत, साखरेच्या ढेकळासारखा दाणेदार.

"ह्यो एका दिवसात मोडल्याला न्हाई," मिस्त्री म्हणाला. "हितनं चीर सुरू झाली. रोज थोडी थोडी आत सरकत गेली. ह्या कमानी दिसत्यात न्हवं, तितक्यांदा ती थांबून फुडं गेली. शेवटी एवढंच लोखंड उरलं, ते त्या दिवशी तुटलं. ह्यात तुमच्या उसाचा काय दोष?"

मग त्यानं दांड्याचा खांदा दाखवला. जिथं जाड भाग संपून बेअरिंगमध्ये बसणारा बारीक भाग सुरू होतो, ती जागा. तिथला कोपरा अगदी काटकोनात कापलेला. त्यानं माझं नख त्या कोपऱ्यात फिरवायला लावलं. नख अडकलं. "हितं रेडियस द्याया पायजे. थोडी गोलाई. सगळा जोर ह्याच कोपऱ्यावर येतोय, दर फेऱ्याला एकदा हिकडून, एकदा तिकडून. कोपरा तीक्ष्ण असला की तिथनंच चिरतंय. गोलाई द्यायला लेथवर पाच मिंटं जादा लागत्यात." एवढं बोलून त्यानं शेजारच्या रॅकवरचा एक नवा दांडा काढून तिथलं वळण दाखवलं. नख सहज घसरत गेलं.

पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी आमचा अर्धा हंगाम गेला होता, आणि वर ‘तुम्हीच जास्त ऊस घातला’ हे ऐकून घ्यावं लागलं होतं. माझे डोळे भरून आले, ते रागानं की सुटल्यासारखं वाटलं म्हणून, मला सांगता येणार नाही. चरकावर ऊस लावणारा आमचा गडी, माझा मावसदीर, पाच आठवडे मान खाली घालून वावरत होता. मी तिथूनच त्याला फोन लावला आणि मिस्त्रींना म्हटलं, "मामा, जे आत्ता बोललात ते ह्याला सांगा." त्यांनी सांगितलं. फोन परत हातात घेतला तेव्हा पलीकडून आवाज येत नव्हता.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आबांनी पाजला. मग त्यांनीच सांगितलं की घाणा घ्यायच्या आधी पॅटर्नवाल्याकडं जा, गिअरवाल्याकडं जा, फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, बघा. "रंग बघून घेऊ नगा. रंग सगळ्यावर सारखाच बसतोय."

दुपारनंतर पॅटर्नवाल्याकडं गेलो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, तोच पॅटर्न. गाळ्यात सागवानाचा भुसा, रंधे आणि भिंतीला टांगलेले शेकडो पॅटर्न. पंपाच्या शंखापासून पुलीपर्यंत. आबांचे हात शिवशिवले, कारण जुन्या चरकाच्या बाभळीच्या लाटा त्यांनी स्वतः सुताराबरोबर बसून घडवल्या होत्या. त्यांनी तिथली एक पोलादी फूटपट्टी उचलली आणि सवयीनं आपल्या खिशातल्या पट्टीला लावली. दोन्ही जुळेनात. कारागिराची पट्टी किंचित लांब. आबांना वाटलं, पट्टी चुकीची आहे.

"चुकीची न्हाई, आजोबा," तो तरुण कारागीर म्हणाला. "बीड निवताना आकसतंय. शंभराला साधारण एक. म्हणून आमची पट्टीच तेवढी मोठी. हिच्यानं मापलं की निवल्यावर माल बरोबर मापात येतोय."

आबा ती पट्टी पुन्हा पुन्हा बघत होते. काकवीचा गूळ होताना ढेप साच्यातून सुटते, ती आकसते म्हणूनच, असं ते त्याला सांगू लागले. दोघांचं चांगलंच जमलं. मला तिथं एक कामाची गोष्ट कळली. ज्या कारखानदाराचे पॅटर्न जपून ठेवलेले असतात, त्याचा सुटा भाग दहा वर्षांनीही त्याच मापात ओतून मिळतो. पॅटर्न नसेल तर तुटक्या भागावरून माप घ्यायचं आणि अंदाजानं करायचं. मी त्याला विचारलं, "घाण्याचे पॅटर्न तुमच्याकडं कुणाकुणाचे आहेत?" त्यानं दोन कारखान्यांची नावं सांगितली. एकाचे पॅटर्न अठरा वर्षांपासून तिथं होते, दर हंगामाआधी दुरुस्त होत होते. आम्ही त्याच संध्याकाळी तिथं गेलो.

तो कारखाना बापलेकाचा. मुलगा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला, वडील सहावी. मी माझी वही काढली. तासाला टनभर ऊस गाळणारा, तीन लाटांचा, आडवा चरक हवा. दांडा ईएन-८ पोलादाचा, खांद्याला गोलाई दिलेली. बुश गनमेटलचे. गिअरवर झाकण, कारण ऊस लावताना साडीचा पदर, पंचा, हात काहीही ओढलं जाऊ शकतं. एवढ्या एका गोष्टीवर मी अडून बसले. झाकणाशिवाय चरक दारात नको. मुलगा म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक झाकण काढूनच टाकतंय." मी म्हटलं, "आम्ही काढणार नाही. तुम्ही द्या." वडिलांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

भाव ऐकून मात्र मी गप्प झाले. काचेच्या दुकानातल्या भावापेक्षा बराच जास्त होता. वडील म्हणाले, "आज काय बी ठरवू नगा. उद्या ओतणी हाय, फौंड्रीत या. मग आमचा अकरा वर्सं चालल्याला घाणा दावतो. त्यानंतर बोलू."

तिसरा दिवस, बुधवार

फौंड्री शिरोली एमआयडीसीत. उद्यमनगर गावाच्या पोटात आलं, जागा पुरेना, म्हणून मोठी कामं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढं कागलच्या पंचतारांकित वसाहतीत गेली. गाळे उद्यमनगरात, भट्ट्या तिकडं, अशी विभागणी बरीचशी झालेली आहे.

आम्ही पोचलो तेव्हा साचे भरायचं काम चाललं होतं. काळी, दमट वाळू पेटीत घालून ठोकायची, पॅटर्न अलगद काढायचा, आतली पोकळी फुंकरीनं साफ करायची. आबा म्हणाले, आपली ढेप साच्यात भरतो तसंच की. फरक एवढाच की इथं पोकळी आधी तयार होते आणि पाक मागून येतो.

ओतणी दुपारी दोनला. विजेच्या भट्टीत बीड वितळलेलं, तेराशे-चौदाशे अंशांच्या घरात. भट्टी कलंडली आणि कढईत धार पडली तेव्हा सगळी शेड नारिंगी झाली. बोलणं बंद. दोन माणसं दांड्याला धरून कढई नेत होती, तिसरा पुढं वाट मोकळी करत होता. वरची मळी सळईनं बाजूला सारली, अगदी काहिलीवरची मळी झाऱ्यानं काढतात तशीच. मग न थांबता एका धारेत साचा भरला. धार मधे तुटली की आत जोड राहतो आणि पुढं तिथंच भेग जाते, असं मुलानं नंतर सांगितलं. साचा भरल्यावर वाळूच्या भोकांतून निळ्या ज्वाळा उठल्या आणि हळूहळू विझल्या. उष्णतेनं चेहरा भाजत होता, तरी मला मागं सरावंसं वाटलं नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी जाळ घालणारा जळव्या जसा उभा असतो, अंगातून घाम गळतो पण नजर जाळावरून हलत नाही, तशीच ती माणसं उभी होती. त्यांच्या पायात धड बूट होते, डोळ्यांना चष्मे होते. हे मी मुद्दाम बघितलं आणि मनात टिपून ठेवलं.

आदल्या दिवशी ओतलेल्या लाटा वाळू फोडून बाहेर काढल्या होत्या. मी लाटेवरून हात फिरवला. खरखरीत. मला वाटलं, हे गुळगुळीत का करत नाहीत? मुलगा म्हणाला, लाटेला पोलाद न वापरता बीडच वापरतात ते यासाठीच. दाणेदार बीड झिजतानाही खरखरीत राहतं, ऊस धरून ठेवतं. गुळगुळीत झालेली लाट ऊस ओढत नाही, घसरते. दांडा पोलादाचा, कारण त्याला पीळ सोसायचा असतो. म्हणजे एकाच लाटेत दोन स्वभावांची धातू, ज्याच्या त्याच्या कामाला. आमचा जुना चरक शेवटी शेवटी ऊस नीट ओढत नव्हता, त्याचं कारण मला त्या शेडमध्ये कळलं.

चार वाजता त्यांच्या गाडीतून वडणगे-चिखलीच्या बाजूला गुऱ्हाळ बघायला गेलो. पंचगंगेच्या काठची काळी जमीन, दोन्ही बाजूंना ऊस आणि धूर लांबूनच दिसतो. गुऱ्हाळमालकाला आधी फोन केलेला नव्हता, ही गोष्ट मला आवडली. घाण्याचा रंग पार उडालेला, पण आवाज एकसारखा. अकरा हंगाम झालेले, बुश दोनदा बदलले, लाटांचे दात एकदा पुन्हा कापून घेतले, दांडा मूळचाच, असं मालक म्हणाला.

आबांनी दुसरं काही विचारलं नाही. लाटांमागून बाहेर पडणाऱ्या चिपाडाचा मूठभर चोथा घेतला आणि दोन्ही हातांनी पिळला. तळवा उघडला तेव्हा ओल होती, थेंब नव्हता. माझ्याकडं बघून त्यांनी हात पुढं केला. आमच्या चरकाचा चोथा पिळला की मनगटावरून रस ओघळायचा. तीन लाटांचा चांगला चरक शंभर किलो उसातून साठ-पासष्ट किलोपर्यंत रस काढतो. आमचा पन्नाशीच्या वर क्वचितच जायचा. भावातला जो फरक मला काल जड वाटला होता, तो आबांच्या उघड्या तळव्यावर मला मोजता येत होता. रात्री धर्मशाळेत बसून मी हिशोबही मांडला. दोन हंगामांत तो वसूल होत होता.

मग आबा आणि तिथला गूळ करणारा गुळव्या काहिलीपाशी गेले आणि मी तासभर त्यांना हाक मारली नाही. भेंडीच्या चिकाचं पाणी केव्हा घालायचं, चुना किती, पाक आला कसा ओळखायचा. त्या गुळव्यानं पाण्याच्या तांब्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांनी गोळी केली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण् असा आवाज आला. "उतरा!" आठ माणसांनी काहील उतरवून वाफ्यात, म्हणजे पाक निवायच्या हौदात, ओतली. आबा नुसते बघत होते. आमच्याकडं गोळी दगडावर मारतात, एवढाच फरक, असं ते मागाहून म्हणाले. निघताना त्या गुळव्यानं त्यांना गरम गुळाचा गोळा उसाच्या पानावर दिला. आबांनी त्याचे हात हातात घेतले.

चौथा दिवस, गुरुवार

सकाळी मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघितले. ओळीनं मांडलेले रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आणि व्यापारी कडेनं एक कपरा काढून बघत पुढं सरकत होते. पिवळ्याधमक गुळाला अजूनही चढा भाव मिळतो, हे बघून वाईट वाटलं. तो रंग पुष्कळदा रस उजळायला घालतात त्या हायड्रॉस पावडरीचा असतो आणि तिच्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतं. ते ७० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ७० भागांच्या, पुढं नसावं असा नियम आहे, पण डोळ्यांना सवय पिवळ्याची लागली आहे. आमचा गूळ तांबूसच राहणार. एका अडत्यानं आपलेपणानं सुचवलं, "घाणा कोल्हापूरचा, मग गुळालाबी कोल्हापुरी म्हणून छापा की." मी नको म्हटलं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते इथल्या मातीचं, इथल्या पाण्याचं आहे. आमचा ऊस मांजरेच्या खोऱ्यातला. त्याची चव वेगळी आहे आणि तिला तिचंच नाव हवं.

राहुरी विद्यापीठाचं ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरात आहे, तिथं तासभर गेला. काकवी १०५-१०६ अंशांना उतरवायची, ढेपेचा गूळ ११८ च्या आसपास, पावडर करायची तर १२० च्या पुढं, हे आकडे वहीत लिहून घेतले. आबांनी विचारलं, गोळीचा टण् आवाज किती अंशांना येतो? तिथले साहेब हसले नाहीत, त्यांनी विचार करून उत्तर दिलं की अंदाजे ११८. आबा म्हणाले, "मग आमचं बरोबरच होतं की." गुळासाठी को ९२००५ या उसाच्या वाणाची माहितीही तिथंच घेतली. पुढच्या लागणीला एक एकर करून बघायचा विचार आहे. काहील मात्र स्टेनलेस स्टीलची घ्यायची ठरली. ती उद्यमनगरातच एक पत्रेकाम करणारा बनवून देणार आहे.

दुपारी बापलेकाच्या कारखान्यात जाऊन ऑर्डर दिली. भाव थोडा कमी केला त्यांनी, पण मी फार ताणलं नाही. त्याऐवजी चार गोष्टी कागदावर लिहून मागितल्या. दांड्याच्या खांद्याला गोलाई. गिअरवर पक्कं झाकण. चरकाबरोबर एक जादा दांडा आणि बुशचा एक जोड. आणि चाचणी आमच्यासमोर, आमच्या उसावर. शेवटच्या अटीवर मुलगा घुटमळला. लातूरहून ऊस आणायचा म्हणजे भाडं पडणार. आबा म्हणाले, "दोन मोळ्या एसटीच्या टपावर टाकून आणतो." वडिलांनी सही केली. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस, अशी तारीख पडली.

निघताना आबांनी पिशवीतला तुकडा परत काढला आणि परवाच्या लेथवाल्या मिस्त्रीकडं गेले. गाळ्यात दोन पोरं नव्यानं काम शिकत होती. मिस्त्रींनी तुकडा हातात घेतला, पुन्हा एकदा फडक्यानं पुसला आणि लेथच्या वरच्या फळीवर, पोरांना समोर दिसेल असा, तुटकं तोंड पुढं करून ठेवला. एका पोराला जवळ बोलावून त्याचं नख त्या काटकोनी कोपऱ्यात फिरवायला लावलं.

आठ वाजताच्या गाडीला गर्दी होती. आबांनी रिकामं गोणपाट घडी करून मांडीवर ठेवलं आणि मिरज यायच्या आत त्यांना झोप लागली.